गावाची नगरपंचायत झाली, पहिली निवडणूक लागली: नकाशापासून निकालापर्यंत काय काय करायचं

आपल्या सोलापूर जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत बऱ्याच मोठ्या गावांची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत किंवा नगरपरिषद झाली. वैराग, नातेपुते, महाळुंग-श्रीपूर यांची पहिली निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यात झाली, अकलूजची आणि अनगरची पहिली निवडणूक २०२५ ला लागली. अजूनही काही गावं रांगेत आहेत. माझं गाव यातून गेलंय, मी स्वतः उभा नव्हतो पण एका वॉर्डाचं सगळं कागदाचं काम माझ्याकडं होतं, आणि त्यात जे शिकलो ते लिहून ठेवतोय कारण आमच्यावेळी सांगणारं कोणी नव्हतं, सगळ्यांना सरपंचाच्या निवडणुकीची सवय.

एक गोष्ट आधीच सांगतो. पहिल्या निवडणुकीत निम्मा खेळ मतदानाच्या आधी दोन-तीन महिन्यात झालेला असतो, प्रभागाच्या नकाशात आणि मतदार यादीत. तेव्हा लोक म्हणतात अजून लई वेळ आहे, आणि तेव्हाच हरकतीचे ते मोजके दिवस निघून जातात.

आधी समजून घ्या काय बदललं

नगरपंचायत महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५ खाली चालते. सर्वसाधारणपणे १० हजार ते २५ हजार लोकसंख्येचं, गावातून शहराकडं चाललेलं ठिकाण असेल तर नगरपंचायत, त्याच्यावर नगरपरिषद. ग्रामपंचायत बरखास्त होते, सरपंच सदस्य सगळ्यांचं पद जातं, आणि निवडणूक होईपर्यंत प्रशासक कारभार बघतो, बहुतेक तहसीलदारच. ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी येतो, त्याला गावात सगळे सीओ साहेबच म्हणतात. ग्रामसभा संपते. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला आता तुम्ही मतदान करत नाही. घरकुलाचा अर्ज ग्रामीणमधून निघून शहरी योजनेत जातो. हे सगळं उमेदवाराला पाठ पाहिजे, कारण प्रचारात प्रत्येक ओट्यावर पहिला प्रश्न घरपट्टीचा आणि दुसरा घरकुलाचा असतो.

नगरपंचायतीला १७ प्रभाग, एका प्रभागातून एकच सदस्य. नगराध्यक्ष थेट जनतेतून. म्हणजे मतदाराला दोन मतं, एक आपल्या प्रभागाच्या सदस्याला आणि एक नगराध्यक्षाला. हा थेट निवडीचा नियम मधी २०२० ला काढला होता आणि २०२२ ला परत आणला, म्हणून वैराग-नातेपुत्याच्या पहिल्या निवडणुकीत नगराध्यक्ष नगरसेवकांनी निवडले आणि अनगरला ते पद थेट लोकांकडं आलं. शेजारच्या गावात असं झालं होतं म्हणून आपल्याकडं पण तसंच, असं धरून चालू नका, तुमच्या वेळचा नियम बघा.

पहिली पायरी: प्रभागाचा नकाशा

प्रारूप, म्हणजे कच्ची प्रभाग रचना प्रसिद्ध झाली की नकाशा ऑफिसच्या बोर्डावर लागतो आणि वेबसाइटवर पण येतो. त्याच दिवशी जाऊन मोबाईलमधी स्वच्छ फोटो काढा, आणि नुसता नकाशा नाही तर त्याच्या सोबतचं वर्णन पण घ्या ज्यात प्रत्येक प्रभागाची उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी हद्द शब्दात लिहिलेली असते. गोंधळ नकाशापेक्षा त्या शब्दात जास्त असतो.

रचना २०११ च्या जनगणनेवर होते. जनगणनेचे जे छोटे तुकडे असतात, प्रगणक गट, ते शक्यतो न फोडता जोडून प्रभाग करतात, आणि सरासरी लोकसंख्येच्या १० टक्के खाली-वर चालतं. आता हिशेब करा. समजा गावाची लोकसंख्या १५ हजार, भागिले १७, सरासरी आली ८८२. म्हणजे प्रभाग साधारण ७९४ ते ९७० माणसांचा. त्यातून लहान पोरं वजा करा, बाहेरगावी असलेले वजा करा, प्रत्यक्ष मतदान पाच-सहाशेचं. एवढ्याशा प्रभागात एक गल्ली इकडची तिकडं गेली तर निकाल फिरतो, म्हणून हे बारीक बघायचं.

बघायचं काय? हद्द ओढा, रस्ता, कॅनॉल, रेल्वे अशा दिसणाऱ्या गोष्टीवरून गेलीय का, का कुणाच्या तरी परड्यातून. एकच गल्ली दोन प्रभागात विनाकारण चिरलीय का. अनुसूचित जातीची वस्ती तोडलीय का. आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा विषय म्हणजे वाड्या-वस्त्या. गावठाण छोटं आणि निम्मी माणसं शेतात वस्तीवर, त्यात २०११ नंतर नवीन झालेल्या वस्त्या कागदावर कुठल्या गटात येतात ते गावातल्या जुन्या माणसालाच माहीत असतं. आमच्याकडं दोन निवृत्त गुरुजी घेतले ज्यांनी जनगणनेचं काम केलेलं होतं, आणि त्यांच्यासोबत मोटारसायकलवर सतरा प्रभागांची हद्द फिरलो, दोन दिवस गेले पण प्रत्येक हद्द डोळ्यानं बघितली.

हरकत लेखी द्यायची, मुदतीत द्यायची, आणि पोच घ्यायची. एका अर्जात एकच मुद्दा. "प्रभाग रचना अन्यायकारक आहे" असं लिहिलं की सुनावणीत दोन मिनिटात निकाली निघतं. त्याऐवजी असं लिहा की अमुक प्रगणक गट तमुक प्रभागात घेतलाय, मधी ओढा आहे, पावसाळ्यात जायला रस्ता नाही, आणि तो शेजारच्या प्रभागात घेतला तर दोन्ही प्रभाग १० टक्क्यांच्या आतच राहतात, हा बघा आकडा. पर्याय आकड्यासकट दिला तर अधिकाऱ्याला पण निर्णय घेता येतो. सुनावणीला स्वतः हजर राहा.

आरक्षणाची सोडत

अनुसूचित जाती-जमातीच्या जागा चिठ्ठीनं पडत नाहीत, ज्या प्रभागात त्यांच्या लोकसंख्येचं प्रमाण सगळ्यात जास्त तिथून उतरत्या क्रमानं त्या जागा जातात. म्हणून मी वर म्हणलं वस्ती तुटलीय का बघा, वस्ती दोनतीन प्रभागात वाटली की प्रमाण सगळीकडंच कमी होतं. ओबीसीच्या जागा आणि महिलांच्या जागा चिठ्ठीनं, लहान मुलांच्या हातानं सगळ्यांसमोर. महिलांना निम्म्या जागा, १७ मधल्या ९. नगराध्यक्षपदाचं आरक्षण मात्र गावात ठरत नाही, ते राज्य पातळीवर मुंबईला निघतं.

सोडतीच्या आधी पोस्टर छापू नका. आणि सोडतीनंतर पण एक डोळा कोर्टाकडं ठेवा, २०२१ ला काय झालं आठवतंय ना, ओबीसी आरक्षणाला सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली, त्या प्रभागांची निवडणूक थांबली, बाकीच्या ठिकाणी २१ डिसेंबरला मतदान झालं आणि थांबलेल्या जागा खुल्या करून तिथं १८ जानेवारी २०२२ ला मतदान घेतलं, मतमोजणी सगळ्यांची १९ जानेवारीला. ज्यांनी महिनाभर प्रचार केलेला त्यांच्या प्रभागाचं गणितच बदललं.

मतदार यादी, इथं जीव ओता

हे नीट वाचा कारण यात सगळ्यात जास्त लोक फसतात. राज्य निवडणूक आयोग स्थानिक निवडणुकीसाठी वेगळी यादी तयार करत नाही. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेची घेतात, २०२५ ला १ जुलैची घेतली होती, आणि तीच प्रभागांनुसार फोडतात. म्हणजे प्रभागाची यादी आल्यावर तुम्ही म्हणाल की पोराला अठरा पूर्ण झालीत, नाव घाला, तर तेव्हा होत नाही, ते नाव त्या ठरलेल्या तारखेच्या आत विधानसभेच्या यादीतच आलेलं पाहिजे. तसंच मयताचं नाव पण या टप्प्याला कमी होत नाही. त्यामुळं नगरपंचायतीची नुसती अधिसूचना निघाली की त्याच महिन्यात बीएलओला, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला गाठून नवीन पोरापोरींची, नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं घालून घ्या.

मग प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकत कशाची घेता येते? तीनच गोष्टींची: माणूस राहतो एका प्रभागात आणि नाव पडलं दुसऱ्यात, विधानसभेच्या यादीत नाव आहे पण प्रभागाच्या यादीत सुटलं, आणि फोडताना झालेल्या लिहिण्याच्या चुका. मुदत थोडीच असते, आठवडाभर धरा.

आमच्याकडं ओढ्यापलीकडच्या चाळीसेक घरांची नावं सरळ दुसऱ्या प्रभागात गेली होती. माझ्या चुलत्याचं नाव एका प्रभागात आणि चुलतीचं दुसऱ्या, घर एक चूल एक. आम्ही काय केलं, यादीची प्रिंट घेतली, प्रत्येक गल्लीला एक पोरगं आणि एक बाई असं वाटून दिलं, बाई का तर घरात कोण कोण आहे ते बाईलाच सांगतात, आणि प्रत्येक नावापुढं चार खुणा: इथंच राहतो, बाहेरगावी, मयत, आपल्या हद्दीतला नाही. दोन रात्रीत यादी झाली. ज्यांच्या हरकती आधारकार्ड, लाईटबिल लावून एकेक करून दिल्या त्यांची नावं बहुतेक जागेवर आली, आणि ज्या वीसेक लोकांनी "बघू की नंतर" म्हणून सही द्यायला टाळलं ते मतदानादिवशी दुसऱ्या शाळेत जाऊन अनोळखी उमेदवाराला मत देऊन आले. वाईट वाटलं बघा.

ही खुणा केलेली यादी जपून ठेवा. "बाहेरगावी" ही खूण आपल्याकडं लई महत्त्वाची, कारण निवडणूक डिसेंबरात आली की गळीत हंगाम चालू असतो, ऊसतोडीला गेलेलं कुटुंब फडावर असतं, पोरं पुण्याला, कोण सोलापुरात एमआयडीसीत. त्यांचे फोननंबर आत्ताच घेऊन ठेवले तर पुढं मतदानाची तारीख तरी वेळेत कळवता येते. गाडीभाडं मात्र उमेदवारानं द्यायचं नाही, मतदारांना फुकट वाहनानं आणणं हा गुन्हा आहे, ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं यायचं.

२०२५ च्या याद्यांत काही नावांपुढं दोन स्टार होते, ते दुबार नावाच्या संशयासाठी. तुमच्या यादीत तसं दिसलं तर त्या माणसाला आधीच सांगा की तू कुठल्या केंद्रावर मत देणार ते लेखी द्यावं लागेल, नाहीतर ऐनवेळी केंद्रावर वादावादी होते.

उमेदवार कोण होऊ शकतो

वय २१ पूर्ण, आणि नाव त्या शहराच्या यादीत, मग कुठल्याही प्रभागातून उभं राहता येतं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर अपात्र. नगरपंचायतीचं कंत्राट स्वतःच्या नावावर किंवा त्यात भागी असली तर अडचण, आणि जुन्या ग्रामपंचायतीची कामं करणारे बरेच जण हे विसरतात. थकबाकी भरून दाखला घ्या, घरपट्टी पाणीपट्टी दोन्ही.

आता जातीच्या दाखल्याबद्दल, आणि हे खास करून बायकांसाठी. राखीव जागेवर उभं राहायला जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं. वैधता हातात नसेल तर पडताळणी समितीकडं अर्ज केल्याचा पुरावा आणि हमीपत्र देऊन फॉर्म भरता येतो, पण निवडून आल्यावर ६ महिन्यांच्या आत ते आणून द्यावं लागतं, नाहीतर पद जातं, आणि जातं म्हणजे मागच्या तारखेपासून जातं. बाईची जात माहेरची धरतात, लग्नानं बदलत नाही, त्यामुळं दाखला वडिलांच्या, आजोबांच्या कागदावर निघतो. मतदार यादीत नाव सासरचं आणि दाखल्यावर माहेरचं, तर दोन्ही नावाची बाई एकच आहे हे दाखवायला विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र पाहिजे. आणि आपल्या अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनीकडं तर निम्म्या सुना कर्नाटकातल्या, विजयपूर-कलबुर्गीकडच्या. तिकडचा जातीचा दाखला इथल्या राखीव जागेवर चालत नाही, बाईला खुल्या महिला जागेवर उभं करा. मी बघितलंय, आमच्या ओळखीतल्या एका ताईंचं सगळं ठरलं होतं, गावात बैठक झाली, आणि कागद काढायला बसल्यावर कळलं.

फॉर्म भरताना

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, इथं असतं. म्हणजे पक्षाकडून लढायचं तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र पाहिजे, तोही अर्ज भरायची मुदत संपायच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला पाहिजे, नेत्याच्या खिशात असून उपयोग नाही. गावातला गट म्हणून लढायचं असेल तर अपक्ष किंवा आघाडी, आणि मग सगळ्यांना एकच चिन्ह मिळेल याची खात्री नसते, ते आधीच लोकांना समजावून सांगा.

अर्ज आणि शपथपत्र आयोगाच्या वेबसाइटवर भरून, प्रिंट काढून, सह्या करून द्यायचं असतं. शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण. एक पण रकाना मोकळा सोडू नका, काही नसेल तर "निरंक" लिहा. खर्चासाठी बँकेत नवीन खातं काढा. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, त्यादिवशी सर्व्हर पण रखडतो आणि तहसीलच्या आवारात पाय ठेवायला जागा नसते.

सूचकाची, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्या मतदाराची सही हा छोटा विषय वाटतो पण अनगरच्या पहिल्याच निवडणुकीत नगराध्यक्षपदाचा एक अर्ज सूचकाची सही नाही म्हणून छाननीत बाद झाला, आणि तिथं सदस्यांच्या सगळ्या १७ जागा बिनविरोध गेल्या. राज्यभर चर्चा झाली. तेव्हा सूचक किती लागतात हे तुम्ही पक्षाचे का अपक्ष यावर ठरतं ते निवडणूक ऑफिसातून विचारून घ्या, सदस्याचा सूचक त्याच प्रभागातल्या यादीतला पाहिजे, त्याचा यादीतला अनुक्रमांक बरोबर टाका, आणि अर्ज देण्याआधी तिसऱ्या माणसाकडून, जो या गडबडीत नाही अशा माणसाकडून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घ्या. एक जादा अर्ज वेगळ्या सूचकाचा भरून ठेवला तर अजून बरं. छाननीला स्वतः उमेदवार थांबा.

प्रचार आणि खर्च

२०२५ ला नगरपंचायतीत नगराध्यक्षाला ६ लाख आणि सदस्याला २ लाख २५ हजार खर्चाची मर्यादा होती, क वर्ग, म्हणजे सगळ्यात लहान नगरपरिषदेला साडेसात लाख आणि अडीच लाख. पाचसहाशे मतांच्या प्रभागाला हे पैसे खूप आहेत, खरं तर घरोघर तीनदा गेलात तर त्याच्या चौथाईत होतं. जेवणावळी, पाकिटं हा रस्ता धरू नका, ज्यानं पैसे घेतले त्याच्याकडं पुढं पाच वर्षं तुम्ही गटारीच्या हद्दीचं किंवा अतिक्रमणाचं बोलू शकत नाही. रोजचा खर्च रोज लिहा, पावती रिक्षावाल्याची पण घ्या. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब द्यावा लागतो, हरलेल्याला पण. हरलेले लोक हेच विसरतात आणि पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरायची वेळ येते.

लोकांना समजावून सांगायची एक गोष्ट म्हणजे दोन मतं. म्हाताऱ्या माणसांना ग्रामपंचायतीची सवय, तिथंही सरपंचाचं आणि वॉर्डाचं बटण असायचं, पण इथं चिन्हं पक्षाची आणि विधानसभेला बघितलेली, त्यामुळं एक बटण दाबलं की झालं असं वाटून निघून जातात. दोन्ही बटणं दाबा, शिट्टी वाजेपर्यंत थांबा, नको असेल तर नोटा दाबा पण मत पूर्ण करा, एवढं प्रत्येक घरात सांगा.

मतदानाचा दिवस

२०२५ ला वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच होती. तुमचा पोलिंग एजंट त्याच्या बऱ्याच आधी केंद्रावर पाहिजे, कारण मॉक पोल तेव्हाच होतो, मशीन रिकामं आहे हे सगळ्यांसमोर दाखवून मग सील करतात. या निवडणुकीत व्हीव्हीपॅटची चिठ्ठी नव्हती, म्हणून मॉक पोल आणि सीलचे नंबर एजंटनं स्वतःच्या वहीत लिहून घेणं जास्तच गरजेचं. एजंट म्हणून भांडखोर माणूस बसवू नका, ज्याला सगळं गाव चेहऱ्यानं ओळखतं असा शांत माणूस बसवा, अंगणवाडीच्या निवृत्त सेविका किंवा जुने पोस्टमन उत्तम.

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष किती मतं पडली त्याचा हिशेब लिहून देतात, त्याची प्रत घेतल्याशिवाय एजंटनं खोली सोडायची नाही. मोजणीला मशीनवरचा आकडा याच कागदाशी जुळवायचा असतो.

आणि मोजणी दुसऱ्या दिवशीच होईल असं धरू नका. २ डिसेंबर २०२५ च्या मतदानाची मोजणी ३ तारखेला ठरली होती, हायकोर्टाच्या आदेशानं ती २१ डिसेंबरला गेली. अठरा-एकोणीस दिवस मशीनं स्ट्राँगरूममधी. तेव्हा बाहेर थांबायची परवानगी लेखी घेऊन पोरांच्या पाळ्या लावाव्या लागतात, थंडीचे दिवस, पांघरुणाची आणि चहाची सोय आधीच ठरवा.

निवडून आल्यावर पहिले काही आठवडे

पक्ष किंवा आघाडी म्हणून गटाची नोंदणी जिल्हाधिकाऱ्यांकडं लगेच करा. पक्षांतरबंदी स्थानिक संस्थांना पण लागू आहे, १९८६ च्या कायद्यानं, ग्रामपंचायतीसारखं आज इकडं उद्या तिकडं चालत नाही. पहिल्या सभेत उपनगराध्यक्ष आणि दोन स्वीकृत, म्हणजे निवडणूक न लढवता नेमलेले सदस्य ठरतात, आणि पाच वर्षांची मुदत पहिल्या सभेपासून मोजतात.

निवडून आलेल्या बाईनं सभेला स्वतः जायचं, रजिस्टरवर सही स्वतः करायची आणि बोलायचं पण स्वतः. आमच्या नऊ जणींमधल्या तिघींनी हे पहिल्या दिवसापासून केलं, नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि पाण्याच्या विषयावर त्याच तिघींचं ऐकलं जातं आता.

आणि पहिल्याच सभेत एक मागणी करा: जुन्या ग्रामपंचायतीचं दप्तर किती आलं त्याची यादी. घरपट्टी आकारणीचा नमुना ८, वसुलीचा नमुना ९, पाणीयोजनेचे नकाशे, मोकळ्या जागांचे उतारे, चालू कामांच्या फायली. आमच्याकडं दोन मोकळ्या जागांचा कागद सापडायला वर्ष गेलं, आणि तोपर्यंत एकीवर पत्र्याचं शेड उभं राहिलं होतं.